घरातल्या सॉना हीटरला वायर कुठली घालायची? ६ किलोवॅटसाठी सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात लिहितो. साताऱ्यात बंगल्याच्या वरच्या मजल्यावर साडेसहा बाय सहा फुटांची लाकडी सॉना रूम (गरम हवेत बसून घाम काढायची खोली) करताय, उंची सात फूट, ६ किलोवॅटचा फिनलंडचा हीटर आलाय, आणि डीबीपासून (घरातल्या एमसीबींच्या पेटीपासून) हीटरपर्यंत वायरचं अंतर १८ मीटर आहे. वायरमन म्हणतोय ४ स्क्वेअरची (म्हणजे तांब्याचा छेद ४ चौरस मिलिमीटर असलेली) एफआर वायर पीव्हीसी पायपातनं नेतो, गीझरला तीच असते, काय होत नाही. मेहुणे म्हणतायत मीटरपासून वरपर्यंत सगळी सिलिकॉन वायरच घाला, नाहीतर एक दिवस घर पेटंल. आणि तुम्ही विचारताय दोघांपैकी कुणाचं ऐकू.

माझं सांगणं असं, की सॉनाच्या भिंतीबाहेरपर्यंत साधी चांगली तांब्याची वायर न्या, पण ४ ची नको, ६ स्क्वेअरची. भिंतीबाहेर एक जंक्शन बॉक्स घ्या आणि तिथून पुढचा शेवटचा एक-दीड मीटर तेवढा उष्णता सोसणाऱ्या केबलचा करा. सगळ्या १८ मीटरला सिलिकॉन घालणं म्हणजे पैसे वाया, आणि शेवटच्या दीड मीटरला साधी घालणं म्हणजे स्वतःहून दुखणं घरात आणणं. मी सांगलीत सत्तावीस वर्षं इलेक्ट्रिकलची कामं करतोय, कुपवाडच्या एमआयडीसीत पावडर कोटिंगचे ओव्हन, बेकऱ्यांच्या भट्ट्या, आणि गेली काही वर्षं पाचगणी-महाबळेश्वरच्या बंगल्यांतली सॉना-स्टीमची कामं पण, त्यामुळे तापलेल्या जागेतली वायर कशी मरते ते पुष्कळ वेळा जवळून बघितलंय, म्हणून जरा लांबण लावतो, वाचा.

आधी तो एफआरचा घोळ मिटवू, कारण निम्म्या चुका तिथंच होतात. दुकानात वायरच्या बंडलावर एफआर, एफआरएलएस, एचआर अशी अक्षरं असतात आणि गिऱ्हाईकाला वाटतं एफआर म्हणजे उष्णता सोसणारी. तसं नाही. एफआर म्हणजे वायरला आग लागली तर ती पुढं पसरत नाही, आपोआप विझते. एफआरएलएस म्हणजे त्यात धूर कमी. ही दोन्ही कामाचीच आहेत पण वायर रोज किती तापमानात राहू शकते याच्याशी त्यांचा संबंध नाही. आयएस ६९४ या भारतीय मानकातली साधी पीव्हीसी वायर, एफआर असू दे की नसू दे, तिच्या तांब्याचं तापमान ७० डिग्रीच्या वर जाऊ द्यायचं नाही अशी बनवलेली असते. एचआर म्हणजे खरोखर हीट रेझिस्टंट, पण ते पीव्हीसीतलं हीट रेझिस्टंट, ८५ डिग्रीपर्यंत. आता तापलेल्या सॉनात वरच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या डोक्याशी ८०-९० डिग्री असतात आणि छताजवळ त्याहून जास्त. म्हणजे वायरमधनं एक अँपिअर पण वाहत नसताना नुसत्या हवेनं ती वायर मर्यादेच्या वर गेलेली असते, मग त्यावर करंटची उष्णता वेगळीच.

पीव्हीसी तापली की लगेच वितळून खाली गळते असं पण नाही, आणि हेच वाईट आहे. पहिल्या दिवशी काही दिसत नाही, वायरमनचं बिल देऊन होतं, सगळे खूश. पीव्हीसी मऊ राहावी म्हणून त्यात जे तेलासारखं मिसळलेलं असतं ते तापमानानं हळूहळू बाहेर येतं, आणि मागं उरतं ते कडक ठिसूळ कवच. महाबळेश्वरच्या एका बंगल्यात मला बोलावलं होतं, सॉना चालू केला की वीस मिनिटांत ट्रिप. तो सॉना तीन वर्षांचा. ज्यानं काम केलं होतं त्यानं वायर भिंतीतनं वर नेऊन छताच्या खाली एक प्लॅस्टिकचा बॉक्स बसवला होता आणि तिथून खाली हीटरला. बॉक्सचं झाकण काढायला गेलो तर ते वाकडं होऊन चिकटलेलं, स्क्रू ड्रायव्हरनं उचकटावं लागलं. आतली कनेक्टर पट्टी पांढरी होती ती चहाच्या रंगाची झालेली, आणि लाल वायर बोटानं नुसती बाजूला सारली तर वाळलेल्या कुरडईसारखी कटकट मोडली, दोन इंच तांबं उघडं. त्या तांब्यावर हिरवा चिकट थर होता, बोटाला लागला. मागं लाकूड, लाकडाच्या मागं फॉइल, म्हणजे उघडी फेज आणि अॅल्युमिनियमची फॉइल यांच्यात एका नखाएवढं अंतर राहिलेलं. घरातली लहान मुलं सुट्टीत त्याच खोलीत बसत होती. मी त्या दिवशी मेन बंद करून चावी मालकांच्या हातात दिली आणि काम पूर्ण होईपर्यंत चालू करणार नाही असं कबूल करून घेतलं.

त्यातली गंमत नव्हे, शिकायची गोष्ट ही की खाली जमिनीलगत हीटरला जोडलेली तीच वायर त्यामानानं बरी होती. सॉनात तापमान उंचीवर ठरतं. जमिनीला ३५-४० डिग्री असतं तेव्हा छताला शंभराच्या पुढं असतं. सॉनाच्या वायरिंगचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, आयईसी ६०३६४ चा भाग ७-७०३, ते सगळे यावरच बांधलेत. हीटरच्या चहूबाजूंनी अर्धा मीटर हा झोन १, तिथं हीटरचं स्वतःचं सामान सोडून दुसरं काहीच नको. त्याच्या बाहेर जमिनीपासून १ मीटर उंचीपर्यंत झोन २, तिथं उष्णतेची खास अट नाही. आणि १ मीटरच्या वर छतापर्यंत झोन ३, तिथली उपकरणं १२५ डिग्री सोसणारी आणि केबलचं इन्सुलेशन १७० डिग्री सोसणारं पाहिजे. आणि वायरिंग शक्यतो सॉनाच्या उष्णतारोधक थराच्या थंड बाजूला, म्हणजे बाहेरच्या अंगाला करायचं. हे शेवटचं वाक्य तुमच्या वायरमनला दोनदा वाचून दाखवा. केबल महाग घेण्यापेक्षा केबल थंड बाजूनं नेणं कधीही चांगलं.

आता तुमच्या हीटरचं मॅन्युअल उघडा. फिनलंडच्या हार्वियासारख्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं, की जोडणीची केबल रबरची, एच०७आरएन-एफ किंवा तशीच पाहिजे आणि पीव्हीसी इन्सुलेशनची केबल वापरायला मनाई आहे, कारण ती उष्णतेनं ठिसूळ होते. केबल जमिनीपासून १ मीटरच्या वर किंवा सॉनाच्या भिंतीच्या आत असेल तर ती लोडवर १७० डिग्री सोसणारी पाहिजे, आणि हीटरजवळचा जंक्शन बॉक्स पाणी उडालं तरी चालेल असा आणि जमिनीपासून जास्तीत जास्त ५० सेंटिमीटर उंचीवर. तुमचा हीटर दुसऱ्या कंपनीचा असेल तर त्यांचं मॅन्युअल शेवटचा शब्द, माझा नाही. मॅन्युअल हरवलं असेल तर कंपनीकडून मागवून घ्या पण त्याशिवाय काम चालू करू नका.

आपल्याकडं एच०७आरएन-एफ मिळायला जरा शोधावी लागते, सिलिकॉन रबर वायर त्यामानानं लवकर मिळते. सिलिकॉन १८० डिग्रीपर्यंत कायम चालते, थंडीत पण कडक होत नाही, आणि दोन्ही अटी एकदम पूर्ण करते, म्हणून मी तीच घालतो. साताऱ्यात साध्या इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारलं तर तुम्हाला ग्लास वायर दाखवतील, इस्त्रीत-ओव्हनमध्ये असते ती वरनं विणलेली. ती उष्णता भरपूर सोसते पण आत नुसतंच काचेचं विणकाम असेल आणि खाली सिलिकॉनचा थर नसेल तर ती पाणी पिते, आणि सॉनात दगडांवर पाणी टाकायचंच असतं, त्यामुळं नुसती ग्लास वायर नको. सिलिकॉन आणि वरनं ग्लासचं विणकाम असलेली मिळाली तर एकदम छान. सांगलीकडनं मागवायची तर कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत ओव्हन आणि फर्नेसवाल्यांना माल देणारी दुकानं असतात, तिथं ४, ६ स्क्वेअरची सिलिकॉन मीटरवर कापून मिळते. टेफ्लॉन पण चालते, अजून जास्त तापमान सोसते, पण जाड साईज मिळायला अवघड आणि वळवायला ताठ, घरच्या कामाला गरज नाही.

एक सल्ला हल्ली फार कानावर येतो, सोलरची डीसी केबल उरलीय ती घालू का, ती तर १२० डिग्रीची असते म्हणे. शेतात पंपाला, गच्चीवर पॅनेलला सगळीकडं सोलर झालंय त्यामुळं प्रत्येकाच्या घरात तिचे तुकडे पडलेत. ती केबल चांगलीच असते, उन्हातान्हात टिकते, पण १२० म्हणजे १७० नव्हे, आणि मॅन्युअलमध्ये तिचं नाव नाही. नको.

सिलिकॉन घेताना फसवणूक होते, ती ओळखायची कशी ते सांगतो. हातात घेतल्यावर सिलिकॉन मऊ, रबरासारखी, जरा पावडर लावल्यागत गुळगुळीत लागते, वाकवली की सहज वाकते. दोन इंचाचा तुकडा कापून घ्या, बाहेर मोकळ्यावर पकडीत धरून लायटर लावा. खरी सिलिकॉन वितळून थेंब पडत नाही, जळली तरी तांब्याभोवती पांढरी राख तशीच उभी राहते, आणि ती राख वीज वाहून नेत नाही, हाच तिचा मोठा गुण. पीव्हीसी असेल तर काळी होऊन नाकात झोंबणारा धूर येतो, त्या धुरात आम्ल असतं, तोंड लांब ठेवा. आतलं तांबं कलई केलेलं, म्हणजे चंदेरी असावं, उघडं लाल तांबं गरम जागेत लवकर काळं पडतं.

तिचा एक दोष पण आहे आणि तो लपवून चालणार नाही. सिलिकॉन अंगानं नाजूक आहे. पत्र्याची धार लागली, खिळा घासला, की चीर पडते आणि ती चीर फाटत जाते. म्हणून ती मोकळी लोंबकळत सोडायची नाही, वरनं फायबर ग्लासची स्लीव्ह चढवायची, हीटरच्या पत्र्यातनं आत जाते तिथं धारेला घासू नये म्हणून ग्लँड किंवा सिलिकॉनचा ग्रोमेट (भोकात बसणारी रबरी कडी) घालायचा. बाक बसवणारा सुतार मागं खिळे मारतो त्याला आधीच सांगून ठेवा केबल कुठून गेलीय, मी तर लाकूड बसायच्या आधी मोबाईलवर मोजपट्टी ठेवून फोटो काढून ठेवतो.

आता साईज. ६ किलोवॅट भागिले २३० म्हणजे २६ अँपिअर. पण हीटर म्हणजे नुसता रेझिस्टन्स, व्होल्टेज वाढलं की करंट पण वाढतो. रात्री उशिरा लोड कमी झाला की कित्येक ठिकाणी २५० व्होल्ट मिळतात, तेव्हा हाच हीटर २८ अँपिअरच्या वर घेतो आणि ७ किलोवॅट उधळतो. उलट संध्याकाळी २०० आले की साडेचारच किलोवॅट होतात आणि लोक म्हणतात हीटर खराब आहे, खोली तापत नाही. आणि हा लोड गीझरसारखा दहा मिनिटांचा नाही, तास-दीड तास सलग आहे, वायरला मध्ये श्वास घ्यायला मिळत नाही.

तुमचा वायरमन ४ स्क्वेअर म्हणतोय त्यात त्याचा हिशेब ३० डिग्रीचा आहे. भिंतीतल्या पायपात दोन वायर असतील तर ४ स्क्वेअर पीव्हीसी ३० डिग्रीला साधारण ३२ अँपिअर घेते, ६ स्क्वेअर ४१. पण तुमचा पाईप वरच्या मजल्याच्या स्लॅबजवळनं जाणार, मे महिन्यात तिथं ४५ डिग्री धरा, मग ४ स्क्वेअरचे ३२ चे २५ होतात, ६ चे ४१ चे ३२. म्हणजे ४ स्क्वेअर २६-२८ अँपिअरला आधीच कमी पडली, आणि वर तिला ३२ अँपिअरची एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) लावली की एमसीबी ट्रिप व्हायच्या आधी वायर भाजणार. ६ स्क्वेअर आणि ३२ ची एमसीबी हा जोड बरोबर बसतो. हवा ६० डिग्रीची असेल तर पीव्हीसीची क्षमता ३० डिग्रीच्या निम्म्यावर येते, हे पण लक्षात ठेवा, म्हणूनच सॉनाच्या भिंतीलगतचा पोकळ भाग पण टाळायचा. आणखी एक हिशेब, १८ मीटर जायचे आणि १८ यायचे, ४ स्क्वेअरमध्ये २६ अँपिअरला जवळजवळ १२० वॉट वायरमध्येच जळतात, ६ स्क्वेअरमध्ये ८०. हे भिंतीत दिवा लावून ठेवल्यासारखं आहे, बिल पण तुम्हीच भरणार.

शेवटची सिलिकॉन पण ६ ची घ्या. ती उष्णतेनं कमी साईजमध्ये पण चालेल असं कुणी सांगंल, वायरपुरतं ते खरं पण आहे, पण वायर गरम धावली की तीच उष्णता टर्मिनलला जाते आणि मला टर्मिनल थंड पाहिजे. आणि अर्थिंगची वायर विसरू नका! फेज-न्यूट्रल सिलिकॉनची आणि हिरवी साधी पीव्हीसी, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय. तिला करंट नसतो म्हणून चालेल असं वाटतं, पण हवा तर तिलाही तीच लागते, आणि नेमका लीकेज होईल त्या दिवशी ती तुटलेली सापडते. हिरवी-पिवळी पण सिलिकॉनचीच, आणि तीही ६ स्क्वेअर.

घरात थ्री फेज कनेक्शन असेल तर फार बरं. हेच ६ किलोवॅट तीन फेजमध्ये वाटले की प्रत्येक फेजला पावणेनऊ अँपिअरच येतात, पाच कोअर अडीच स्क्वेअरमध्ये काम आरामात होतं, टर्मिनल थंड राहतात. फक्त हीटरच्या आत तांब्याच्या पट्ट्या म्हणजे लिंक असतात, त्या सिंगल फेजला वेगळ्या आणि थ्री फेजला वेगळ्या बसतात, झाकणाच्या आतल्या डायग्रामप्रमाणे त्या नीट बघूनच बसवायच्या. २३० च्या एलिमेंटला चुकून दोन फेजमधले ४०० लागले तर तो तिप्पट वॉट घेतो, काही मिनिटांचा खेळ. सिंगल फेज असेल तर आधी महावितरणच्या बिलावर मंजूर भार किती आहे ते बघा, सॉना, गीझर आणि एसी एकदम चालले तर मेनच उडंल. भार वाढवायचा तर अर्ज आधी करा, मागनं नाही.

जोडांबद्दल सगळ्यात जास्त लिहायचं आहे कारण वायरपेक्षा जोड जास्त जळतात. बेकऱ्यांच्या ओव्हनमध्ये मी जितक्या जळक्या वायरी बदलल्या त्यातल्या बहुतेक टोकाला जळलेल्या, मधली वायर ठणठणीत. ढिला स्क्रू, तिथं रेझिस्टन्स, तिथं उष्णता, उष्णतेनं स्क्रू आणखी ढिला, असं ते चक्र. म्हणून बॉक्स सॉनाच्या बाहेर, हीटरच्या मागच्या भिंतीच्या पलीकडं, जमिनीपासून फूटभर उंचीवर घ्या. आत चिनी मातीचा कनेक्टर, प्लॅस्टिकची पट्टी नको. टोकाला थिंबल (वायरच्या टोकावर चेपून बसवायची धातूची नळी) दाबून घ्यायचं, चांगल्या क्रिम्पिंग टूलनं, पकडीनं चेपून नाही, आणि हीटरच्या बाजूला निकेल प्लेटेड थिंबल मिळालं तर तेच, नाहीतर कलईचं. थिंबलवर रंगीत प्लॅस्टिकची टोपी असते ती काढून टाका, ग्लास स्लीव्ह चढवा. टोकाला झाळ (सोल्डर) देऊन वायर स्क्रूखाली दाबायची सवय जुन्या लोकांना आहे, ती गरम जागेत करू नका, झाळ दाबाखाली सरकते आणि स्क्रू ढिला पडतो. काळी पीव्हीसी टेप तर आत कुठंच नको, पंधरा दिवसांत तिचा डिंक होतो.

बॉक्सपासून हीटरपर्यंत भिंत ओलांडायला आडवं भोक घ्या, खाली, हीटरच्या टर्मिनलच्या उंचीला. त्यात पीव्हीसी पाईप घालू नका, तो तापून मऊ होतो. छोटा लोखंडी पाईपचा तुकडा चालतो, अर्थला जोडायचा, आणि सॉनाच्या आत माणसाचा हात लागेल असा बाहेर येऊ द्यायचा नाही, धातू तापून चटका बसतो आणि नियमात पण धातूचा पाईप हाताला लागता कामा नये असंच आहे. भोकातली मोकळी जागा रॉकवूलनं भरा, फोमनं नाही, आणि फॉइल फाटली असेल तिथं अॅल्युमिनियम टेप नीट लावा, नाहीतर दगडांवर टाकलेल्या पाण्याची वाफ त्या भोकातनं भिंतीत जाऊन बसते. भिंतीत थर कशाचा घालताय तेही विचारून घ्या. कुणी थर्माकोल सुचवला तर सरळ नाही म्हणा. तो उष्णतेनं बसतो, पेटतो, आणि पीव्हीसी वायर त्याला टेकलेली राहिली तर वायरमधलं मऊ ठेवणारं तेल थर्माकोल शोषून घेतो, दोघंही बाद. रॉकवूल घ्या.

स्विच. गीझरचा २० अँपिअरचा डीपी स्विच लावू नका, दिसायला तगडा दिसतो पण २६ अँपिअर तासभर त्याला झेपत नाही. ३२ ची डबल पोल एमसीबी डीबीमध्ये स्वतंत्र, आणि सॉनाच्या बाहेर दिसेल अशा जागी एक डबल पोल आयसोलेटर, म्हणजे फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच. सॉनाच्या आत सॉकेट नाही म्हणजे नाही, मोबाईल चार्जरसाठी पण नाही. आतला दिवा १२५ डिग्रीला चालणारा, आणि एलईडी असेल तर त्याचा ड्रायव्हर बाहेर. तापमानाच्या सेन्सरची वायर हीटरसोबत आलेली असते, बारीक, ती कापायची-वाढवायची नाही, आणि पॉवरच्या केबलपासून लांब न्यायची, कारण जास्त तापलं तर हीटर बंद करणारी सेफ्टी तिच्यातच असते.

आरसीसीबी म्हणजे करंट अर्थकडं गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, त्याच्याबद्दल लोक बरेच गोंधळात असतात, आणि गोंधळायला कारण पण आहे. आंतरराष्ट्रीय नियमात सॉनाच्या सगळ्या सर्किटना ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी सांगितलीय पण हीटरला त्यातनं सूट आहे, आणि काही हीटरच्या मॅन्युअलमध्ये तर हीटर आरसीसीबीमधनं देऊ नका असंच लिहिलेलं असतं. कारण नवीन एलिमेंटच्या आतली पावडर गोदामात, बोटीत हवेतली ओल शोषते आणि पहिल्या काही वेळा थोडं लीकेज दाखवते, त्यानं उगाच ट्रिप होतं. हीटर दोनचार वेळा तापला की ओल निघून जाते. तुमच्याकडं नाही पण महाबळेश्वरात पावसाळ्यात चार महिने हीटर बंद राहिला की ऑक्टोबरात हाच प्रकार परत होतो, मला दरवर्षी फोन येतात. दिवा, पंखा, कंट्रोलच्या सर्किटला ३० ची आरसीसीबी लावाच, त्यात चर्चा नको. हीटरला मॅन्युअल परवानगी देत असेल तर मी त्याची स्वतःची वेगळी लावतो, घराच्या आरसीसीबीवर टाकत नाही, कारण आपल्याकडं अर्थिंगवर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. मॅन्युअल नाही म्हणत असेल तर अर्थिंग दुप्पट काळजीनं करा. आपल्या भागात खाली काळा पाषाण, खड्डा चार फूट पण नीट जात नाही, आणि पाऊस पडल्यावर मोजलेलं अर्थिंग मे महिन्यात तेवढंच राहत नाही. उन्हाळ्यात मोजून घ्या, आणि पाण्याच्या पाईपला अर्थ बांधला असेल तर आजच सोडवा.

दगडांचं विचारलं नाही तुम्ही, पण ते वायरशी जोडलेलं आहे. हीटरसोबत आलेले दगडच घाला. कृष्णेच्या पात्रातले गुळगुळीत गोटे बघून मोह होतो, एकाने माहुलीच्या घाटावरनं पोतं भरून आणले होते. नदीच्या गोट्यात आत पाणी अडकलेलं असू शकतं आणि तापल्यावर दगड फुटतो, शिवाय गोटे गच्च बसतात, हवा वर जात नाही, एलिमेंट नको तेवढा तापतो, आणि ती उष्णता खाली टर्मिनलच्या डब्यात उतरते. मग कितीही भारी सिलिकॉन घातली तरी काय उपयोग. हीटरभोवती लाकडापासून जेवढं अंतर मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढं इंचाला इंच सोडा.

काम लायसन्स असलेल्या कॉन्ट्रॅक्टरकडून करून घ्या, परमिट असलेला वायरमन पाहिजे, आणि तुमचा नेहमीचा वायरमन असला तरी त्याला बाजूला सारू नका, मॅन्युअल आणि हे सगळं त्याच्यासमोर ठेवा, चांगला माणूस असेल तर ऐकतो. आणि मेहुण्यांना सांगा त्यांची भीती खरी आहे, फक्त ती दीड मीटरपुरती आहे.

पहिल्यांदा चालू कराल तेव्हा असं करा. आधी मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून मोजा आणि आकडा लिहून ठेवा. मग दार उघडं ठेवून, आत कुणी न बसता, मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेवढा वेळ तापवा, नवीन एलिमेंटचा वास येतो तो निघून जाऊ द्या. अर्ध्या तासानं टाँग टेस्टर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचं मीटर) लावून फेजचा करंट बघा आणि त्याच वेळी व्होल्टेज पण, २३० ला २६ च्या आसपास पाहिजे. मग बाहेरच्या जंक्शन बॉक्सच्या झाकणावर हात ठेवा, कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर लगेच बंद. थंड झाल्यावर, मेन काढून, टेस्टरनं खात्री करून, बॉक्सचे आणि हीटरचे सगळे स्क्रू एकदा परत आवळा, पहिल्या तापण्यात ते पाव आटा तरी घेतातच. आठ-दहा वेळा सॉना वापरून झाल्यावर पुन्हा एकदा आवळा, आणि त्यानंतर दरवर्षी पावसाळा संपला की. हीटरचा मॉडेल नंबर आणि टर्मिनलच्या झाकणामागच्या डायग्रामचा फोटो पाठवा, लिंक कशा बसवायच्या ते बघून सांगतो.